केळीच्या बागेतला तास

संपादक महोदय,

मी यावल तालुक्यात भूगोल शिकवते. गेल्या हिवाळ्यात ठिबक सिंचन फळ्यावर न शिकवता मुलांना केळीच्या बागेत नेलं. मागच्या बाकावर कायम गप्प बसणारा एक मुलगा गुडघे टेकून तुंबलेला ड्रीपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी, दाखवू लागला, क्षार साचले की नळीत ॲसिड कसं सोडतात ते सगळ्यांना समजावू लागला. त्याच्या घरचीच बाग ती! महाविद्यालयाने मात्र हा तास कार्यभारात धरला नाही. गाडीभाडं मीच भरलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवातून शिकवायला सांगतं. प्राध्यापकांना दोन दिवस नुसती व्याख्यानं ऐकवून ते जमणार नाही. विद्यापीठाने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्राध्यापकांना प्रयोगासाठी वेळ आणि थोडा निधी द्यावा, एकमेकांचे तास बघायला पाठवावं.

– एक प्राध्यापिका, यावल