या पावसाळ्यात मी येत नाही

कुओपिओ, फिनलंड
रविवार, २३ जून २०२४

ती. आई आणि ती. बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बुधवारी फोनवर मी सांगितलं तेव्हा बाबा, तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आई, तू विचारलंस, "जेवलीस का?" मग पुढची पाच मिनिटं आपण फणसाबद्दल बोललो. तेव्हापासून ते "बरं" माझ्या कानातून जात नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. ज्यांनी उभा जन्म दुसऱ्यांची पत्रं घरोघर पोचवली, त्यांना मोबाइलवर चार ओळी पाठवून मोकळं व्हायला माझं मन घेईना.

विमानाचं तिकीट २ जुलैचं होतं, ते मी २७ ऑगस्टचं करून घेतलं आहे. वरचे पैसे इथल्या कामाच्या पगारातून दिले, बाबांच्या ठेवीला हात लावलेला नाही. राहण्याचा परवाना ऑगस्टअखेरपर्यंतचा आहे. गणपती ७ सप्टेंबरला आहेत, म्हणजे मखराचं काम सुरू व्हायच्या आत मी घरात असेन.

कारणं पुन्हा सांगते. मेमध्ये विद्यापीठाची मुदत संपली आणि ३१ तारखेला वसतिगृहाची खोली सोडावी लागली. तेव्हापासून मी इथल्या फिनिश काका-काकूंकडेच राहते. सप्टेंबरपासून दर पंधरा दिवसांनी ज्यांच्याकडे जेवायला जायचे, तेच हे. विद्यापीठातल्या मॅडमनी आहाराच्या नोंदी तपासायचं काम दिलंय, ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालेल. त्या नोंदी देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे भारतात बसून ते होणार नाही, आणि त्याचा दाखला मला लागणारच आहे. शिवाय फिनिश भाषा आत्ता कुठे कानाला उमजायला लागली आहे. शिवाय वर्ष काढलंच आहे तर दोन महिन्यांनी काय होतं. हे सगळं मी बुधवारीही एका दमात सांगितलं आणि ते खरं आहे. पण एक गोष्ट सांगितली नाही.

काकूंचे वडील आहेत, वय ८६. सगळे त्यांना उक्की म्हणतात, म्हणजे आजोबा. उन्हाळा लागला की ते शहरातलं घर सोडून कल्लावेसी तळ्याच्या काठावरच्या मोक्कीवर जातात आणि थंडी पडेपर्यंत परतत नाहीत. मोक्की म्हणजे दोन खोल्यांचं लाकडी घर. पुढे पडवी, पाण्याकडे उतरताना सौना, म्हणजे वाफेने न्हायची खोली, आणि जरा लांब झाडीत शौचालय. गेल्या ऑक्टोबरात उक्की सौनाच्या पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. तरी यंदाही ते म्हणाले, मी जाणार. काका-काकूंना सुट्टी जुलैत. जून आणि ऑगस्टमध्ये सोमवार ते शुक्रवार त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. काकूंनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. तुम्हाला विचारायच्या आधी म्हटलं. आई, हे मी लपवलं, कारण १० जुलैला तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे आणि त्यासाठी येते असा शब्द मी दिला होता.

आपला बाप सोडून दुसऱ्याच्या बापाला पाणी भरून देते, असं तुमच्या मनात येणार नाही हे मला माहीत आहे. माझ्या येतं. सकाळी तळ्यातून सौनासाठी बादल्या आणते तेव्हा येतं, त्यांच्या गोळ्या वारांच्या डबीत लावते तेव्हा तर येतंच. बाबा, तुमची डबी मी आजवर एकदाच भरली, इथे यायच्या आदल्या रात्री.

उक्की फार बोलत नाहीत. मी बरोबर आणलेल्या आगळाची शेवटची वाटीभर उरली होती, तिची नारळाच्या डबाबंद दुधात सोलकढी केली. पहिला घोट घेऊन ते बराच वेळ तळ्याकडे बघत बसले. मला वाटलं, नाही आवडली. मग त्यांनी न बोलता पेला पुन्हा पुढे केला. त्यांच्यासमोर बसले होते म्हणून मला ते कळलं. तुमचं "बरं" मला फोनवर कळलं नाही, बाबा. राग आला असेल तर पत्रात लिहा. मी वाचीन, आणि त्यावरून काही मनात धरणार नाही.

एक दिवस त्यांच्याबरोबर लाकडं रचली. इथे हिवाळ्याचं जळण उन्हाळ्यात वाळवतात. बर्चचे ओंडके फोडून छपराखाली रचायचे, वारा खेळेल एवढी फट ठेवून. मला पडवीतली आपली आगोट आठवली. मृग लागायच्या आत तुम्ही लाकडं रचायचात आणि मी दोन-दोन काटक्या आणून देत सगळ्यांना सांगत सुटायचे, की मी अर्धं काम केलं. उक्कींनी माझी रास पाहिली आणि दोनच लाकडं फिरवली. मी सांगितलं, वडिलांनी शिकवलंय. त्यावर त्यांनी पहिल्यांदा आपलं सांगितलं: १९४४ मध्ये, सहा वर्षांचे असताना, कारेलियातलं घर सोडलं. तो मुलूख युद्धात रशियाकडे गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं अशी उठून आली. बाकी काही नाही, फक्त म्हणाले, गाय आमच्याबरोबर चालत आली. मला घाटावरची आजी आणि तिची कपिला गाय आठवली. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आई, आता तुझ्या काळजीचं. मला स्वतंत्र खोली आहे, खिडकीला जाड काळा पडदा आहे, कारण सूर्य रात्री अकरानंतर मावळतो आणि तीनच्या सुमाराला पुन्हा हजर. झोप नीट होते. पांघरूण उबदार आहे. डास भरपूर आहेत, पण मलम आहे आणि दारांना जाळी आहे. मोबाइलला रेंज चांगली आहे. नळाचं पाणी सरळ पिता येतं, मोक्कीवर ते कॅनमधून नेतो. सौनाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते: आधी बायका जातात, नंतर पुरुष, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सुमारे ५६ लाखांच्या देशात तीस लाखांहून जास्त सौना आहेत, यांना ते आपल्या न्हाणीघरासारखं. तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं की वाफ येते, मग बर्चच्या ओल्या डहाळ्यांची जुडी अंगावर मारून घ्यायची. दिवाळीच्या पहाटे तू उटणं चोळायचीस त्यानंतर जसं हलकं वाटायचं, तसं वाटतं. नंतर तळ्यात उतरतात. मी काठाशीच उतरते. नावेत पाय ठेवायच्या आधी काकू स्वतः माझ्या अंगात तरंगायचं जाकीट घालतात. बाबा, डोहात पाठीला सुका भोपळा बांधून शिकवलंत ते विसरलेले नाही, तरी जाकीट घालते.

जेवणाचं म्हणशील तर राय नावाच्या धान्याचा (आपली मोहरी नव्हे) काळ्या भाकरीसारखा पाव, ताक असतं त्याला पीमा म्हणतात, आणि मुईक्कू नावाची बोटाएवढी मासळी त्याच रायच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. आपल्या मुडदुश्यांची सर नाही, पण काटा मऊ असतो, अख्खी खाते. नवे बटाटे आले आहेत. कोवळे, सालासकट उकडायचे आणि वर लोणी आणि शेपू. हो, शेपू! ज्या भाजीसाठी तू मला ताटावरून उठू दिलं नव्हतंस आणि मी मुंज्याच्या पिंपळाची शपथ घेतली होती, तोच शेपू मी इथे मागून घेते. वास आला की स्वयंपाकघरात तूच उभी असल्यासारखं वाटतं. गोड पावात वेलची असते, त्यामुळे रविवारी सकाळी घरभर श्रीखंडाचा वास. पुढच्या महिन्यात रानात मुस्तिक्का पिकतील, जांभळाच्या रंगाच्या पण करवंदाएवढ्या. कुणाच्याही रानात जाऊन कुणीही तोडाव्यात, कायदाच तसा आहे. जिभा जांभळ्या होतात. तू मला पदराने पुसायचीस तशाच.

काकूंना मी नावानेच हाक मारते, इथली रीतच ती आहे. आईची हाक तुझ्यासाठी ठेवलेली आहे, ती कुणाला देत नाही. एवढंच सांगायचं होतं.

शुक्रवारी इथे युहान्नुस होता, मध्यउन्हाळ्याच्या सणाची संध्याकाळ. दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची झाडं उभी केली, आपल्याकडे केळीचे खुंट लावतात तशी. संध्याकाळी सहाला झेंडा चढवला, तो रात्रभर खाली घेत नाहीत, कारण रात्र होतच नाही. आणि त्याच दिवशी आपली वटपौर्णिमा होती. पौर्णिमा असून मला चंद्र दिसला नाही. काकूंची मुलगी सतरा वर्षांची आहे. ती म्हणाली, आज न बोलता सात रानफुलं तोडून उशाखाली ठेवायची, म्हणजे स्वप्नात होणारा नवरा दिसतो. मला तुझे वडाभोवतीचे सात फेरे आठवले आणि गुडघा दुखत असताना ते कसे पूर्ण केले असशील, तेही डोळ्यांसमोर आलं. मीही सात फुलं ठेवली. आई, नवरा काही दिसला नाही. आपली मागच्या दारची पायरी दिसली, शेवाळ धरलेली, आणि पायरीवर बाबांची एकच चप्पल.

म्हणून आता नीट ऐका.

मागच्या पायरीला आणि न्हाणीघरात हाताला धरायचा दांडा बसवून घ्यायचा. इथे उक्की पडल्यावर बसवला. पडायच्या आधी बसवता आला असता, असं काकू दर शनिवारी म्हणतात. दादाशी मी बोलले आहे. स्टीलचा, भिंतीत पक्का ठोकलेला. त्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. लाकडी स्टूल माळ्यावर जाऊ दे, पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची आणा. बाबा, "मी अजून म्हातारा झालो नाही" हे वाक्य उक्कीही म्हणतात, मला ते फिनिशमध्ये पाठ झालं आहे.

आई, १० जुलैचं ऑपरेशन मी नाही म्हणून पुढे ढकलायचं नाही. वहिनी रजा घेऊन येते आहे, तिला "कशाला आलीस" म्हणायचं नाही. थेंब वेळेवर, डोळा चोळायचा नाही, वाकून केर काढायचा नाही, केसांवरून पाणी नाही, आणि चुलीच्या धुरापाशी महिनाभर फिरकायचं नाही. गॅस आहे. रोज रात्री तुमच्याकडे साडेनऊ वाजतील तेव्हा माझ्याकडे सात, त्या वेळी मी व्हिडिओ कॉल करीन आणि थेंब घालताना बघीन.

बाबांच्या ताटात लोणचं, पापड आणि सांडगी मिरची यांतलं एकच काहीतरी. हे मी उगाच म्हणत नाही. शेजारच्या उत्तर कारेलियात पुरुष भर वयात हृदयविकाराने जायचे. १९७२ मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरांनी तिथे काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना हाताशी धरून रोजच्या जेवणातलं मीठ आणि लोणी कमी केलं, तंबाखू सोडवली. पुढच्या चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे तसे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. माझ्या वर्गात हे शिकवलं तेव्हा मला आपल्या ताटाची डावी बाजू दिसत होती. आई, ते घरात होईल तर तुझ्याच हातून होईल. पण बाबांना ओरडून नको. बरणी फक्त वरच्या फळीवर ठेव.

आणि पाऊस. २२ जुलै २०२१ चा पूर आपण कुणी विसरलेलो नाही. वाशिष्ठीला पाणी चढतंय असं कळलं तर कपाटं, पोथ्या, तिकिटांचे अल्बम काही उचलत बसायचं नाही. दिवसाउजेडी वरच्या आळीत आपल्या तिथल्या काकूंकडे जायचं. अल्बम मी जायच्या आधीच प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर ठेवलेत. १०८ आणि ११२ मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

फार हुकूम सोडले. माझा आवाज तुझ्यासारखा होत चाललाय, असं दादा म्हणतो.

या पाकिटावरची तिकिटं बाबांसाठी मुद्दाम निवडली आहेत. ओल्या फडक्यावर ठेवून सोडवा, घाई करू नका. आणि उत्तर लिहा. छोटं चालेल. नुसतं "बरं" लिहिलंत तरी चालेल, तुमचं अक्षर बघून मला कळेल.

तुमची,
धाकटी

ता. क. दांड्याची उंची दादाला मापून सांगू नका. न्हाणीघरात उठताना तुमचा हात आपोआप भिंतीला जिथे टेकतो, तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा. आईची खूण वेगळी, तुमची वेगळी. तो रविवारी येतो आहे.