‘सद्बुद्धी दे’ हा टोमणा होऊ नये

महोदय,

‘देवा, या पुढाऱ्यांना सद्बुद्धी दे’ हे वाक्य मराठीत दोन तऱ्हांनी म्हटले जाते, हात जोडून किंवा कपाळावर हात मारून. युद्ध, साथ, पूर, महागाई असे काही अंगावर आले आणि नेत्यांसाठी प्रार्थना करा असे आवाहन झाले, की दुसरी तऱ्हाच जास्त ऐकू येते. काही जण उघड विचारतात, ज्यांच्या कारभारामुळे ही वेळ आली त्यांच्यासाठी प्रार्थना कसली करायची? प्रश्न रास्त आहे. मात्र एखाद्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याच्या पाठीशी उभे राहणे, असे त्यात धरून चालले आहे. आम्ही ख्रिस्ती प्रार्थनासभा चालवणारे लोक. या प्रार्थनेची घडण वेगळी आहे आणि ती माहीत नसली की प्रार्थनेची एक तर खुशामत होते नाहीतर शिव्याशाप, म्हणून हे पत्र.

बायबलमध्ये, आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, राजे आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी काय करावे हे सांगताना चार शब्द आले आहेत: विनंत्या, प्रार्थना, रदबदली आणि उपकारस्तुती. परंपरा हे पत्र रोमचा सम्राट नीरो याच्या काळातले मानते. नीरोची कारकीर्द इ.स. ५४ ते ६८, आणि ख्रिस्ती लोकांचा त्याने केलेला छळ इतिहासात नोंदलेला आहे. म्हणजे राजा आवडला पाहिजे अशी अट पहिल्या दिवसापासूनच नव्हती. चारांतला ‘रदबदली’ हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘एंतेउक्सिस’ आहे. टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या अमलात इजिप्तमधली प्रजा राजाकडे दाद मागायला जो लेखी अर्ज करी, त्याला हेच नाव होते. राजाकडे करायचा तो अर्ज इथे राजाविषयीच, पण त्याच्याही वरच्या दरबारात दाखल करायचा आहे. अर्ज म्हटला की त्यात माणूस कोण, अडचण काय, मागणे काय, हे स्पष्ट लागते. नुसते ‘सर्वांचे भले कर’ एवढ्यावर कोणताही कारकून अर्ज पुढे सरकवणार नाही.

इथेच बहुतेक प्रार्थना ढिल्या पडतात. ‘मंत्र्यांना सद्बुद्धी दे’ म्हटल्यावर म्हणणाऱ्यालाही आपण काय मागितले ते कळलेले नसते. त्याऐवजी असे मागून पाहावे: ‘या आठवड्यात मदत कोणाला द्यायची ते ठरणार आहे. ज्यांचे नाव यादीत घालायला कोणी नाही, त्यांच्याकडे यांचे लक्ष जाऊ दे. चुकीचे आकडे समोर आले तर ते चुकीचे आहेत असे तोंडावर सांगणारा एक तरी माणूस त्या खोलीत असू दे. आणि त्याचे ऐकून घेण्याइतकी झोप यांची झालेली असू दे.’ झोपेचे मागणे कोणाला क्षुल्लक वाटेल. पण थकलेला माणूस चुकीचे निर्णय घेतो, आणि संकटात सर्वांत आधी थकतो तो निर्णय घेणारा. इस्राएलचा राजा शलमोन याने राज्यावर बसताना देवाकडे जे मागितले त्याचा मूळ हिब्रू अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा आहे (बायबलमधले १ राजे, अध्याय ३, वचन ९). सद्बुद्धीपेक्षा हा शब्द कामाचा, कारण तो काय घडायला हवे ते सांगतो.

मागण्यांचा जुना नमुना हवा असेल तर टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाचा आहे. इ.स. १९७ च्या सुमारास रोमन अधिकाऱ्यांपुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सम्राटासाठी आपण काय मागतो ते त्याने मोजून सांगितले: दीर्घायुष्य, स्थिर राज्य, सुरक्षित घर, शूर सैन्य, विश्वासू सेनेट, सरळ प्रजा आणि शांत जग. सात मागण्या, आणि त्यांतली एक चक्क प्रजेच्या वागण्याविषयी. तोच टर्टुलियन सम्राटाला देव म्हणायला मात्र साफ नकार देतो. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. ज्याच्यासाठी देवाकडे मागावे लागते तो देव नसतो, हे त्याचे साधे गणित.

न्यायाची मागणी राहून गेली तर प्रार्थना अर्धवट. बायबलमधल्या स्तोत्रांच्या संग्रहातले बहात्तरावे स्तोत्र पूर्णपणे राजासाठी आहे आणि त्यात राजाच्या तब्येतीच्या आधी गरिबांचा निवाडा येतो. त्याने दीनांचा न्याय करावा, दरिद्र्यांच्या लेकरांना वाचवावे, जुलूम करणाऱ्याला चिरडावे, हे चौथ्याच वचनात आहे. नेत्यासाठी प्रार्थना म्हणजे त्याची भलामण, असे म्हणणाऱ्यांनी हे स्तोत्र एकदा मोठ्याने वाचून पाहावे. ज्याच्या दारात ते वाचले जाईल त्याला ते फार सुखाचे वाटणार नाही.

मग आपल्याला न पटणाऱ्या नेत्यासाठी काय मागायचे? त्याचा नाश मागायचा नाही, आणि तो बरोबर आहे असे नाटकही करायचे नाही. खळांची व्यंकटी सांडो, खळ नव्हे, हे मागणे मराठी माणसाला निराळे समजावून सांगायला नको. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, शमुवेल हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, पाहा. लोकांनी त्याचा सल्ला धुडकावून राजा मागितला. तो त्यांना चूक चूकच म्हणाला, आणि त्याच भाषणात म्हणाला की तुमच्यासाठी प्रार्थना करायचे मी सोडले तर ते माझ्याकडून पाप होईल (१ शमुवेल १२:२३). याची दुसरी बाजूही पवित्र शास्त्रात आहे, फक्त तिची आठवण कमी वेळा काढली जाते. यहूदाचा राजा सिद्कीया याने यिर्मया या संदेष्ट्याकडे माणसे पाठवून ‘आमच्यासाठी प्रार्थना कर’ असा निरोप दिला. त्याच्या अगोदरचेच वचन सांगते की राजा, त्याचे सेवक आणि प्रजा यांपैकी कोणीही यिर्मयाचे ऐकत नव्हते (यिर्मया ३७:२-३). नेता जाहीरपणे प्रार्थना मागतो, एवढ्यावरून तो ऐकणारा आहे असे ठरत नाही. यिर्मयाने उत्तर कळवले, पण ते राजाला हवे तसे नव्हते.

लिहिलेली प्रार्थना तपासायची आमची कसोटी सोपी आहे. तिच्यातले नाव खोडावे, त्या जागी विरोधातल्या नेत्याचे नाव घालावे आणि मोठ्याने वाचावी. जीभ जिथे अडखळते तिथे पक्ष शिरलेला असतो. तेवढे वाक्य काढावे.

प्रत्यक्ष सभेसाठी वीस मिनिटे पुरतात. सुरुवातीची दोन मिनिटे गप्प बसायचे. मग तीनच पदे घ्यायची: एक वरचे, एक मधले आणि एक अगदी जवळचे, म्हणजे ज्याच्या सहीवर पाणी, दवाखाना किंवा शाळा अवलंबून असते. लोक पहिल्यावर दहा मिनिटे बोलतात आणि तिसऱ्याला विसरतात, म्हणून सुरुवात तिसऱ्यापासून करावी. प्रत्येक पदासाठी एकानेच बोलायचे, तीन मिनिटांच्या आत, आणि मागणी एकच. एखाद्या चांगल्या कामाबद्दल आभार मानायचे, ते काम नेमके कोणते हे सांगून. उपकारस्तुती हा चौथा शब्द गाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, विशेषतः राग आलेला असताना. शेवटी पाच मिनिटे आपल्या स्वतःच्या वागण्यासाठी ठेवावी.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो. पहिला बिघाड म्हणजे प्रार्थनेचे भाषण होणे. ‘हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की काल सभागृहात काय झाले’ अशी सुरुवात झाली की समजावे, बातमी देवाला नव्हे, शेजारी बसलेल्यांना सांगितली जात आहे. दुसरा बिघाड अफवेचा. ‘प्रार्थनेची विनंती’ असे वर लिहिले की मजकूर कोणी पडताळत नाही, आणि चार वर्षांपूर्वीचा निरोप आजचा म्हणून फिरतो. तारीख आणि मूळ बातमी सापडली नाही तर ती विनंती सभेत वाचू नये. अफवेने घाबरलेल्या माणसांची प्रार्थना घाबरट होते, आणि तीच भीती घेऊन ती घरी जातात. तिसरा बिघाड तक्रार दाबण्याचा. विश्वास असेल तर कुरकुर कशाला, असे म्हणून रडणाऱ्याला गप्प करतात. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणे आणि शेवटच्या दोनांत भरवसा. तक्रारीलाही तिथे तितकीच जागा दिली आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते संग्रहातून कोणी काढलेले नाही. एखाद्या संध्याकाळी सभा तिथेच थांबली तर थांबू द्यावी, ओढूनताणून आनंदाचे गीत लावू नये.

देवावर भरवसा म्हणजे काय, यात सर्वांत मोठा घोटाळा मुदतीचा होतो. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून (जेरुसलेममधून) राजासह अनेकांना बंदी करून बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले. त्यानंतर हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केले की दोन वर्षांत सगळे परत येईल. लोकांना ते गोड वाटले असणार. यिर्मयाने बंदिवानांना पत्र पाठवून सत्तर वर्षांचा आकडा सांगितला. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे (यिर्मया २९:५-१०). भरवशाची भाषा हनन्याचीच अधिक दिसते, पण देवाच्या नावाने त्याने सांगितले ते खोटे होते. यिर्मयाचा भरवसा सत्तर वर्षे टिकेल असा होता, म्हणून त्यात झाडे लावायचे काम होते. आजही ‘महिनाभरात हे संपेल असे देवाने दाखवले आहे’ म्हणणारे भेटतात. महिना उलटला की त्यांचे फारसे काही जात नाही, ऐकणाऱ्यांचा मात्र देवावरचाच विश्वास उडतो. प्रार्थनेत तारीख घालू नये.

प्रार्थना करणारे हातपाय हलवत नाहीत, या आक्षेपाला बायबलमधला नहेम्या हा यहुदी माणूस पुरेसा आहे. तो पारसाचा (इराणचा) राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला मद्याचा प्याला देणारा सेवक होता. यरुशलेमेचा तट पडल्याचे किसलेव या यहुदी महिन्यात त्याला कळले आणि राजाकडे विषय निघाला तो निसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. मधला काळ उपवासाचा आणि प्रार्थनेचा. त्या प्रार्थनेत तो आधी स्वतःचे आणि आपल्या बापाच्या घराण्याचे पाप कबूल करतो, आणि शेवटी जगातल्या त्या बलाढ्य राजाला नुसते ‘हा मनुष्य’ म्हणतो (नहेम्या १:११). राजाने ‘तुला काय हवे?’ असे विचारले तेव्हा उत्तराच्या आधी क्षणभर त्याने मनातल्या मनात देवाचा धावा केला. मग जे मागितले ते पूर्ण हिशेबाने: किती मुदत लागेल, नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रे आणि राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याला वेशींच्या तुळयांसाठी लाकूड देण्याचा हुकूम. चार महिने गुडघ्यांवर घालवणाऱ्याने लाकडाचाही विचार करून ठेवला होता. पुढे हल्ल्याची धमकी आली तेव्हा एकाच वचनात दोन्ही कामे आहेत: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला (४:९).

राहता राहिला भरवसा कोणावर ठेवायचा हा प्रश्न. एकशे शेहेचाळिसावे स्तोत्र म्हणते की अधिपतींवर भिस्त ठेवू नका, त्यांचा श्वास गेला की त्याच दिवशी त्यांचे बेतही गेले. म्हणून सभेच्या वहीत आम्ही पदाचे नाव शाईने लिहायला सांगतो आणि माणसाचे पेन्सिलने. पद सोडून गेलेल्याचे नाव लगेच खोडायचे नाही, त्याच्यासाठी आणखी चार आठवडे मागायचे. त्याच्या जागी आलेल्याचे नाव खालच्या ओळीवर लिहायचे.

आपले,
प्रार्थनासभा चालवणारे काही वाचक