पेटीतल्या बाळाचे डोळे तपासले का?

मा. संपादक,
स.न.

सहाशे-सातशे ग्रॅमचं बाळ वाचलं अशी बातमी अधूनमधून येते, सोबत डॉक्टर आणि आईबाबांचा फोटो. मी ती दरवेळी पूर्ण वाचते, कारण माझी मुलगी 27व्या आठवड्यात झाली, 940 ग्रॅमची. पण घरी गेल्यावर त्या बाळाचं पुढे काय करायचं ते बातमीत कधीच नसतं.

आमची 68 दिवस काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) होती. व्हेंटिलेटर झाला, नळीने दूध झालं, मी तासन् तास कांगारूसारखं छातीशी धरून बसायचे. डोळ्यांचं मात्र कोणी बोललंच नाही. 45व्या दिवशी एका सिस्टरने विचारलं, आरओपीची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची, तपासणी केली का, आणि आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. इतक्या लवकर झालेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पुरत्या पोचलेल्या नसतात, त्या नंतर वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि नजर कायमची जाते, आणि बाहेरून डोळा अगदी छान दिसतो हो! 34 आठवड्यांच्या आतलं किंवा 2 किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून 4 आठवड्यांत तपासणी व्हायला हवी, 28च्या आतलं असेल तर 2-3 आठवड्यांतच. आम्ही 45 दिवस घालवले होते. दोन दिवसांत लेसर झालं म्हणून ती आज चष्मा लावून का होईना वाचते.

आता दुसरीत आहे. गोष्टी भराभर सांगते पण फळ्यावरचं उतरवताना मागे पडते, वजाबाकी अडते, आणि बाई म्हणतात लक्ष देत नाही. पुण्याच्या केईएममधल्या डॉक्टरांनी 1987 ते 89 मधली 2 किलोच्या आतली बाळं 18 वर्षांची होईपर्यंत तपासली, त्यांची सरासरी बुद्धी नॉर्मलमध्येच होती पण पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा कमी, आणि लिखाण-गणितात अडचणी दिसल्या. हे मला आधी कळलं असतं तर मी पोरीला इतकी ओरडले नसते.

म्हणून विनंती, अशी बातमी छापाल तेव्हा खाली डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीचं दोन ओळीत तरी द्या, आणि जिल्हा रुग्णालयात डीईआयसीमध्ये (मुलांमधल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात) अशा मुलांची तपासणी, थेरपी मोफत असते तेही. आणि हॉस्पिटलवाल्यांनी डोळे तपासायची तारीख पहिल्याच आठवड्यात आईच्या हातात कागदावर लिहून द्यावी, तोंडी सांगितलेलं त्या दिवसांत काही डोक्यात राहत नाही.

आपली,
एक आई, सातारा