बाबा, खुर्चीतून उठा

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

गणपती करून मुंबईत परतले, पण जीव अजून पडवीतच अडकलाय. सकाळी आठला बाबा खुर्चीत बसतात ते जेवायला उठतात, की पुन्हा दिवेलागणीपर्यंत खुर्ची आणि हातात मोबाइल. मी बोलले तर म्हणालात, "बेस्टमध्ये जन्म उभ्यानं काढला, आता बसू दे की गं." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता लिहिते.

बाबा, जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनमध्ये तुमच्यासारख्याच कंडक्टरांचा अभ्यास केला होता. १९५३ साली तो छापून आला. तिथल्या दुमजली बसवर ड्रायव्हर पाळीभर बसून, तर कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी झाला, ज्यांना झाला त्यांनाही उशिरा आणि सौम्य. पुढे गणवेशाच्या विजारींची मापं तपासली, तर ड्रायव्हर कंबरेनंही मोठे निघाले. वाचताना डबलडेकरचा जिना चढणारे, खांद्याला चामडी पिशवी लावलेले तुम्हीच मला दिसत होतात. ज्या जिन्याला तुम्ही हाल म्हणता, त्यानंच तुम्हाला जपलं. पण ती कमाई फंडासारखी साठून राहत नाही हो. चालणं थांबलं की हळूहळू ओसरते.

संध्याकाळी तुमच्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसला आणि मला धस्स झालं. चालताना पोटऱ्या आवळतात, पायातलं रक्त वर ढकलतात. तासन्‌तास बसून राहिलं की ते काम थंडावतं, पाय सुजतात. तरी सूज बसण्यानंच आली असं धरून चालू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाच. शुगरचंही तसंच आहे. स्नायू हलले की रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवल्यावर लगेच खुर्ची नको. खळ्यात दहा मिनिटं फेऱ्या मारा. आणि सकाळी एकदा चालून आलं म्हणून दिवसभर बसायची मुभा मिळत नाही, अर्ध्या-पाऊण तासानं उठायचंच.

आई, तू दिवसभर राबतेस हे खरं, पण सात ते दहा मालिकांपुढून हलत नाहीस. जाहिरात लागली की ओटा धरून टाचा वर-खाली कर, बाबांनाही उठव. पासष्टीनंतर आठवड्यातले निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विहिरीकडची शेवाळलेली पायरी आठवली की मला ते फार पटतं.

बाबा, पेपर आणायला शेजारच्या पोराला पाठवू नका, नाक्यापर्यंत स्वतः जा. मे महिन्यात करवंदांसाठी तुम्ही मला सड्यावर न्यायचात, माझा हात धरून. दिवाळीला येतेय. आपण तिघं सड्यावर जाऊ, वाटेत कितीही वेळा थांबलो तरी चालेल.

तुमची,
बाय