कापूस परदेशी, विष वावरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवलं आणि नंतर ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत लांबवली. तेव्हापासून भावावर खूप लिहून आलं. तो आमच्या पोटाचा प्रश्न आहे, लिहायलाच हवं. पण या व्यापारापायी आमच्या वावरात जे विष उतरतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्यावर गेली होती. वरून उमस, त्यात पांढरी माशी, तुडतुडे आणि बोंडअळी. आमच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याने, तीन दिवस सलग पंप पाठीवर घेतला. पऱ्हाटी माणसापेक्षा उंच असली की नोझल वर धरावं लागतं आणि निम्मा फवारा अंगावरच येतो. तिसऱ्या संध्याकाळी तो धुऱ्यावर बसला आणि म्हणाला, "काकू, मले काईच दिसून नाई राह्यलं." दवाखान्यात पहिला प्रश्न आला, औषध कोणतं? दुकानातून सांगितलं तशी दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली होती. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकाच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हा उतारा देतात. डायफेनथियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर खास उतारा नाही, लक्षणं बघून इलाज करायचा. मिश्रण असेल तर डॉक्टर तरी काय करतील? आमचा माणूस वाचला. जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले आणि शेकडो लोक दवाखान्यात पडून होते.

मोनोक्रोटोफॉस तेव्हा आपल्याच देशात बनत होतं, तो दोष आपला. डायफेनथियुरॉनची गोष्ट वेगळी आहे. युरोपीय संघात त्याला परवानगी नाही. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये स्वतःच्या शेतात ते बंद केलं, पण तिथून बाहेर पाठवणं चालू राहिलं. ती निर्यात थांबली २०२१ मध्ये. आमची माणसं दगावली ती या मधल्या काळात. पॅराक्वाट या तणनाशकाचंही तेच. इंग्लंडमध्ये २००७ पासून ते वापरता येत नाही, तरी त्यानंतरही तिथल्याच हडर्सफील्डच्या कारखान्यात बनून ते इतर देशांत जात राहिलं. घातक रसायन पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची संमती घ्यावी, असा रॉटरडॅम करार २००४ पासून लागू आहे. त्याच्या यादीत पॅराक्वाट घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अडवणाऱ्यांत भारतही होता. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. परक्याला बोल लावताना आपलं सरकार कोणत्या बाजूला बसलं होतं, हेही सांगायला हवं.

द्राक्षाचा कंटेनर युरोपला जायचा तर औषधाच्या अंशाची तपासणी होते. २०१० मध्ये नाशिकची द्राक्षं त्यावरूनच अडकली होती. तपासणी कशासाठी? खाणाऱ्याच्या जिवासाठी, आणि ती व्हायलाच पाहिजे. कापूस कुणी खात नाही. गठाणीला धाग्याची लांबी विचारतात, ओल विचारतात. त्या पिकावर काय फवारलं, फवारणाऱ्याचं काय झालं, हे सेंद्रियसारखा प्रमाणित कापूस सोडला तर विचारायला कुणी येत नाही. सरकीचं तेल मात्र माणसं खातात आणि ढेप आमच्या म्हशी खातात. पंप नाल्यावर धुतला जातो, त्याच नाल्यावर जनावरं पाणी पितात.

भावाशी याचा संबंध आहे, तो असा. अमेरिकेतला कापूस सरकारी अनुदानावर उभा आहे. आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या कॅनकूनच्या परिषदेत त्याविरुद्ध गाऱ्हाणं मांडलं होतं. बाहेरचा स्वस्त कापूस आला की आमचा भाव पडतो. भाव पडला की एकरी दोन क्विंटलचं नुकसान कास्तकाराला झेपत नाही. मग एक अळी दिसली तरी तो पंप उचलतो.

स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या युरोपातल्या चार देशांच्या एफ्टा गटाशी भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात शाश्वत विकासाचं प्रकरण आहे. पाठवणाऱ्या देशात ज्या औषधाला बंदी, त्याची इथे नोंदणी नाही, एवढी एक अट सरकारने अशा प्रत्येक करारात आग्रहाने मांडावी. त्याला वेळ लागेल हे कळतं. तोपर्यंत निदान एक काम येत्या पेरणीआधी होऊ शकतं. कीटकनाशकाच्या डब्यावर, ते कोणत्या देशातून आलं आणि तिथल्या शेतात ते वापरायला परवानगी आहे की नाही, हे मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापायला लावावं. आमचा सालदार चौथी शिकलेला आहे. त्याला तेवढं वाचता येतं.

आपली,
एक कास्तकार महिला
ता. घाटंजी, जि. यवतमाळ