शस्त्र कायदा दिल्लीत बदलतो. आपल्या खासदारांना पत्र लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. कुठल्या तरी मॅरेज गार्डनमध्ये किंवा गावच्या लगुन-फलदानात (लग्नाआधीच्या समारंभात) कोणी आनंदाच्या भरात बंदूक चालवली आणि गोळी नाचणाऱ्या पोराला, गच्चीवरून वरात पाहणाऱ्या बाईला किंवा खुद्द नवरदेवालाच लागली. पोलीस गुन्हा दाखल करतात, बंदूक जप्त होते आणि कायदा कडक व्हायला हवा असे आपण सगळेच म्हणतो. हा कायदा कुठे होतो, त्यात शेवटचा मोठा बदल केव्हा व कसा झाला आणि पुढचा बदल होताना आपले म्हणणे कोणापर्यंत पोहोचवायचे, याची चौकशी मात्र आपल्यापैकी फार थोडे करतात. त्याविषयी सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्र सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काही बदलायचे असेल तर ते भोपाळला विधानसभेत होत नाही, दिल्लीला संसदेतच व्हावे लागते. आपल्याकडे मात्र निवेदन घेऊन जायचे ते आमदारांच्या बंगल्यावर नाही तर कलेक्टोरेटवर, अशी सवय पडली आहे. पोलीस आणि सुव्यवस्था हे विषय राज्याकडे असल्याने अंमलबजावणीच्या तक्रारीसाठी त्या जागा योग्यच आहेत. कलेक्टर हर्ष फायरवर, म्हणजे समारंभात आनंदाने गोळ्या झाडण्यावर, बंदीचे आदेशही काढतात, पूर्वी कलम १४४ खाली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. परंतु राज्य शासनाने मुदत वाढवली नाही तर असा आदेश दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, आणि लग्नाचे मुहूर्त वर्षातून अनेकदा येतात. २०१९ साली ग्वाल्हेरच्या प्रशासनाने बंदुकीचा परवाना मागणाऱ्याने आधी दहा रोपे लावावीत अशी अट घातली होती. त्याआधी २००८ साली शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना देण्याची योजना निघाली होती. या भागात परवान्याची ओढ किती आहे ते यावरून कळते, आणि जिल्हा पातळीवरच्या अटी अधिकाऱ्याबरोबर येतात व त्याच्या बदलीबरोबर विसरल्या जातात हेही दिसते. टिकाऊ बदल हवा असेल तर तो अधिनियमातच व्हायला हवा.

असा बदल २०१९ मध्ये झाला, आणि तो ज्या रीतीने झाला ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. त्यापूर्वी एका व्यक्तीला तीन बंदुका बाळगता येत. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ही मर्यादा एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. ९ डिसेंबरला लोकसभेने आणि १० डिसेंबरला राज्यसभेने विधेयक संमत केले आणि १४ डिसेंबरपासून दुरुस्ती अमलात आली. म्हणजे विधेयक मांडले जाण्यापासून दोन्ही सभागृहांतून पार पडेपर्यंत पुरते दोन आठवडेही लागले नाहीत, आणि मध्ये ते विधेयकांची छाननी करणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीकडेही गेले नाही. त्याच ९ डिसेंबरला मध्यरात्र उलटेपर्यंत लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर चर्चा चालली होती आणि देशाचे सारे लक्ष तिकडे लागले होते. एवढ्या थोड्या अवधीत मूळ प्रस्तावातल्या एका बंदुकीच्या दोन झाल्या. शस्त्रधारकांच्या संघटनांनी आणि वाडवडिलांच्या बंदुका सांभाळणाऱ्यांनी आपली बाजू सरकारपुढे मांडली होती, पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनीही मर्यादा एकावर आणण्यास विरोध कळवला होता, आणि सरकारने स्वतःच प्रस्ताव बदलला. यात त्यांनी काही गैर केले असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्याचा ज्या कायद्याशी संबंध आहे त्याने आपल्या प्रतिनिधीला आपले म्हणणे सांगावे, हीच लोकशाहीची रीत आहे. मला वाईट वाटते ते याचे की हर्ष फायरमध्ये ज्यांची माणसे गेली त्यांच्या बाजूने, निदान आमच्या या शहरातून तरी, त्या दिवसांत कोणी खासदारांना पत्र पाठवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्याच दुरुस्तीने हर्ष फायर हा शस्त्र कायद्यात पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला, ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. कलम २५ च्या पोटकलम ९ प्रमाणे सार्वजनिक मेळावा, धार्मिक स्थळ, लग्न किंवा अन्य समारंभात बेदरकारपणे वा निष्काळजीपणे गोळी झाडून लोकांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र किमान शिक्षा सांगितलेली नाही, त्यामुळे नुसत्या दंडावर प्रकरण मिटण्याला कायद्याची आडकाठी नाही.

ज्यांनी असा प्रकार जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की धोका आकाशात गेलेल्या गोळीपुरताच नसतो. डाव्या हातात मोबाईल, उजव्या हातात बारा बोअरची दुनळी, भोवती डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया आणि ओवाळून टाकलेल्या नोटा वेचणारी पोरे, अशा गर्दीत तो माणूस उभा असतो. एक बार होतो, दुसरा होत नाही, आणि काडतूस अडकले की काय हे पाहायला तो बंदूक खाली घेतो. त्या वेळी नळी बरोबर पोरांच्या छातीच्या उंचीला आलेली असते. सकाळी गार्डन झाडणारे लोक हिरवळीवरून लाल-निळी रिकामी काडतुसे वेचून कचऱ्यात टाकतात. काडतुसांची खरेदी परवान्यावर चढवावी लागते, पण ती कुठे खर्ची पडली हे लग्नानंतर यजमानाला कोणी विचारायला गेल्याचे मी पाहिलेले नाही.

माझ्या मते कायद्यात तीन उणिवा राहिल्या आहेत. कलम १७ प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्द करणे परवाना अधिकाऱ्याच्या निर्णयावर सोडलेले आहे. समारंभात गोळी झाडल्याचा गुन्हा दाखल होताच परवाना निलंबित आणि दोष सिद्ध होताच कायमचा रद्द झालाच पाहिजे, असे बंधन त्यात नाही. दुसरे असे की ज्याने समारंभ मांडला तो यजमान आणि ज्याच्या जागेत तो झाला तो गार्डनचा मालक यांच्यावर हे पोटकलम कोणतीही जबाबदारी टाकत नाही, आणि बंदूक घेऊन आलेल्या पाहुण्याला दारातच अडवू शकतील असे तेच दोघे असतात. तिसरी उणीव किमान शिक्षेची, जिच्याविषयी वर लिहिलेच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक जागी बंदूक परजण्याला आणि बार काढण्याला पूर्वीच मनाई केलेली आहे, पण अधिनियमातच स्पष्ट बंधन आल्याशिवाय ती मनाई वरातीपर्यंत पोहोचणार नाही, असे मला वाटते.

परवानाधारक यावर म्हणतील की खून आणि दरोडे कट्ट्यांनी (बिनपरवाना गावठी पिस्तुलांनी) होतात, परवान्याच्या बंदुकीने नाही, मग आमच्याच मागे का लागता. बंदुकीने होणाऱ्या खुनांत बिनपरवाना शस्त्रांचा वाटाच मोठा असतो, हे खरे आहे. खरगोन, बडवानी, बऱ्हाणपूरकडची बेकायदा पिस्तुले पकडल्याच्या बातम्याही आपण नेहमी वाचतो. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रे बनवणाऱ्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येक राज्यात त्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. या समितीने मध्य प्रदेशात कोणते काम केले, हे आमदारांना जरूर विचारावे, कारण ते उत्तर राज्य शासनाने द्यायचे आहे. शेतावर एकट्या वस्तीने राहणाऱ्याची किंवा बँकेच्या दारावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची बंदुकीची गरज मी नाकारत नाही. परंतु वरातीत गोळी झाडण्याची कोणालाच गरज नसते, आणि ती बंदूक पुष्कळदा परवान्याचीच असते.

शस्त्र बाळगणे हा आमचा हक्क आहे, असेही कोणी म्हणतात. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केल्याचा राग इतका खोल होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तो राज्यघटनेत यावा म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला महात्मा गांधींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. आपल्या मराठी मंडळींत ही गोष्ट सहसा बोलली जात नाही, पण शस्त्रांविषयी बोलताना ग्वाल्हेरकराने ती लक्षात ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

आता विधेयकांचा माग कसा ठेवावा ते लिहितो. संसदेच्या संकेतस्थळावर मांडलेली, प्रलंबित असलेली, संमत झालेली आणि मागे घेतलेली विधेयके शोधता येतात. हिंदीत या कायद्याचे नाव आयुध अधिनियम असे असल्याने हिंदीत शोधणाऱ्याने ‘आयुध’ हा शब्द टाकावा, म्हणजे हवी ती विधेयके सापडतील. २००५ पासून काम करणारी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक सरकारी विधेयकाचा सारांश आणि ते कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती विनामूल्य देते. विधेयक सरकारी आहे की एखाद्या सदस्याने वैयक्तिक मांडलेले आहे, हे आधी पाहावे. वैयक्तिक विधेयके शुक्रवारी दुपारनंतर चर्चेला येतात. आजवर अशी चौदाच विधेयके कायद्यात उतरली आणि १९७० नंतर एकही नाही. तरीही ज्या खासदाराने असे विधेयक मांडले त्याला या विषयाची आस्था आहे हे त्यातून समजते, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक लोकसभा विसर्जित होताच बाद होते. राज्यसभेत मांडलेले आणि तिथेच प्रलंबित असलेले मात्र जिवंत राहते.

सामान्य माणसाला सर्वांत मोठी संधी मिळते ती विधेयक स्थायी समितीकडे गेल्यावर. शस्त्रांचा विषय गृह खात्याचा असल्याने तो गृहविषयक समितीकडे जाऊ शकतो. तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून एकतीस सदस्य असतात, आणि अशा समित्या वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांकडून लेखी सूचना मागवतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे पाठवली गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. म्हणून शस्त्र कायद्यात पुढचा बदल येईल तेव्हा तो आधी समितीकडे पाठवा, ही मागणी आतापासूनच खासदारांकडे करून ठेवायला हवी. विधेयक सभागृहात आल्यावर ती मागणी करायला वेळ उरत नाही, हे २०१९ ने दाखवले आहे.

पत्र कोणाला लिहायचे, याविषयी घोळ नसावा. ग्वाल्हेर लोकसभा मतदारसंघात ग्वाल्हेर शहराखेरीज डबरा, भितरवार आणि शिवपुरी जिल्ह्यातील करैरा व पोहरी हे भागही येतात, तेव्हा तिथल्या मराठी कुटुंबांचेही खासदार तेच आहेत. मध्य प्रदेशाचे राज्यसभेत अकरा सदस्य आहेत, त्यांनाही लिहिता येते. पत्र हिंदीत, एका पानाचे आणि स्वतःच्या शब्दांत असावे. वर आपला पूर्ण पत्ता आणि विधानसभा क्षेत्र लिहावे, म्हणजे पत्र त्यांच्याच मतदाराचे आहे याविषयी शंका राहत नाही. त्यात एकच मागणी ठेवावी, कलमाचा क्रमांक द्यावा आणि त्यांनी काय करावे हे स्पष्ट लिहावे. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा निरनिराळ्या घरांतून आलेल्या दहा पत्रांचे वजन अधिक पडते, अशी माझी समजूत आहे. गणेशोत्सव मंडळे आणि महिला मंडळे यांनी हे काम अंगावर घेतले तर ते लवकर होईल. ज्या घरातले माणूस अशा गोळीने गेले आहे त्या घराने लिहायचे ठरवले, तर शेजाऱ्यांनी मजकूर नीट करून देण्यास मदत करावी. त्यांच्या पत्राइतके परिणामकारक दुसरे काहीही नाही.

विधेयक प्रलंबित नसतानाही खासदारांकडे मागण्यासारखी एक गोष्ट आहे. कलम २५ च्या पोटकलम ९ खाली २०१९ पासून किती गुन्हे नोंदले गेले, किती जणांना शिक्षा झाली आणि किती परवाने रद्द झाले, असा अतारांकित प्रश्न त्यांनी गृह मंत्रालयाला विचारावा. त्याचे उत्तर लेखी मिळते, सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते आणि कोणालाही वाचता येते. प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागत असल्याने आपले पत्र अधिवेशनाच्या महिनाभर आधी त्यांच्या हाती पडले पाहिजे.

संपादक महाशय, आपल्याकडेही एक विनंती आहे. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी या तिन्ही अधिवेशनांपूर्वी येऊ घातलेल्या विधेयकांची यादी प्रसिद्ध होते. त्या यादीत शस्त्र अधिनियमाच्या दुरुस्तीचा उल्लेख असेल तर तो आपल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मराठीत छापावा, सोबत या भागातील खासदारांचे कार्यालयीन पत्ते द्यावेत, आणि विधेयक समितीकडे गेल्यास सूचना पाठवण्याची शेवटची तारीखही द्यावी.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर