चि. सायलीस, रेंजच्या दिवसांविषयी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. पहिली ही की, २५ मीटर पिस्तुलाच्या तयारीसाठी आता ऑफिस सुटल्यावर आठवड्यातले पाच दिवस तू नेमबाजीच्या त्या बंदिस्त रेंजवर जाणार आहेस. दुसरी तू जाता जाता सांगितलीस, की घरी आल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहते, पण सकाळपर्यंत ती जाते. पहिल्या गोष्टीवरून आपण बराच वेळ वाद घातला आणि दुसरीविषयी मी तोंड उघडताच तू “बाबा, पुरे आता” म्हणून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. कानाचा विषय एकदाच काढायचा आणि बाकी सारे सरावाविषयी लिहायचे, असे मी ठरवले आहे.

तुझा ५५८ गुणांचा कागद आईने कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लावला आहे. कपाट उघडले की मी तो वाचतो. नोकरी सांभाळून हौसेखातर खेळणाऱ्या मुलीने हवेच्या पिस्तुलाने ६० छर्ऱ्यांत ६०० पैकी ५५८ गुण काढावेत, याचा मला किती अभिमान वाटतो हे मला बोलून दाखवता येत नाही, तुझ्या आईला येते. त्या कागदात मला सर्वांत आवडते ते एकूण गुण नव्हेत. दहा-दहा छर्ऱ्यांच्या सहा मालिकांपैकी शेवटच्या दोन पहिल्या चारांपेक्षा सरस आहेत, हे मला आवडते. १० मीटरवरचे ते दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते आणि पन्नासाव्या छर्ऱ्यानंतर भल्याभल्यांचा दंड कुरकुरू लागतो. तुझा हात तिथे स्थिरावला, याचा अर्थ पाया नीट घातला गेला आहे, आणि तो पाया घाईने घातलेला नव्हता.

तेव्हा सराव कमी कर, असे मी म्हणत नाही. हौशी नेमबाजांचे खरे दुखणे याच्या उलट असते. ते महिन्यातला एखादा रविवार गाठतात आणि त्या एका दुपारी दीड-दोनशे गोळ्या उडवतात. पहिल्या चाळीस-पन्नास गोळ्यांपर्यंत हात आणि डोळा काही शिकत असतात. त्यानंतर खांदा थकतो, नेम धरून थांबण्याचा वेळ नकळत लांबत जातो, ट्रिगर हळूहळू दाबला जाण्याऐवजी झटक्याने ओढला जातो, आणि उरलेल्या शंभर गोळ्यांत माणूस आपल्या चुकाच घोटून पक्क्या करतो. हाताचे कोणतेही कौशल्य थोडे थोडे करून, मध्ये झोप आणि विश्रांती देऊन अधिक टिकते, एका बैठकीत ठासून भरता येत नाही, हे अभ्यासकांनीही पुन्हा पुन्हा दाखवले आहे. म्हणून ‘वारंवार आणि थोडे’ हे तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आपला मतभेद आहे तो एवढाच, की त्यासाठी दर वेळी रेंजचे दार उघडावे लागते, असे तू धरून चालली आहेस.

तू ज्या प्रकारात उतरते आहेस त्याच्याकडेच पाहा. पहिल्या ३० गोळ्या अचूकतेच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या ३० गोळ्यांत लक्ष्य एका वेळी ३ सेकंद दिसते आणि मध्ये ७ सेकंदांचा खंड असतो. त्या खंडात हात खाली, ४५ अंशांच्या खाली राहिला पाहिजे. म्हणजे दर गोळीला हात वर आणणे, डोळ्याने पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेमाची खूण, पकडणे, हात थांबता थांबता ट्रिगरवरचा दाब पुरा करणे, हे सारे तीन सेकंदांत घडवायचे. यातला बारूद पेटण्याचा भाग सर्वांत शेवटचा आणि सर्वांत छोटा आहे. त्याच्या आधीचे सारे घरातल्या कोऱ्या भिंतीसमोर, रिकाम्या पिस्तुलाने, कसलाही आवाज न करता करता येते. शिवाय वेगाच्या फेरीत दहाचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. तिथे गुण जातात ते नेम चुकल्यामुळे क्वचित, झटक्यामुळे बहुतेक वेळा. हा झटका रेंजवर दिसत नाही, कारण पिस्तुलाचा धक्का त्याला झाकून टाकतो. ड्राय फायरिंगमध्ये, म्हणजे अशा रिकाम्या पिस्तुलाच्या सरावात मात्र ट्रिगर सुटताच पुढची साईट कुठे उडाली ते लख्ख दिसते आणि तिथे स्वतःला फसवायला जागाच राहत नाही.

तुझ्या हवेच्या पिस्तुलात ड्राय फायरची सोय आहेच, तीच वापर. रेंजच्या .२२ (इंचाचा .२२ भाग व्यासाच्या गोळीच्या) पिस्तुलाने तसे करायचे असेल तर आधी विचारून घे, कारण रिकाम्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, त्याची पिन कडेवर आपटून नुकसान होऊ शकते. आणखी एक. हवेच्या पिस्तुलाला ट्रिगरचे किमान वजन ५०० ग्रॅम लागते आणि २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅम. तेव्हा घरी सराव करताना स्क्रूने वजन जेवढे वाढवता येईल तेवढे वाढव, नाही तर बोट हलक्या ट्रिगरला सोकावेल. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवायची, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, भिंतीपलीकडे कोणी नाही हे पाहायचे. तुला हे सांगण्याची गरज नाही, तरी सांगितले.

तुला आठवते का, बारावीच्या सुट्टीत तू रोज रात्री बोळात भिंतीकडे तोंड करून उभी राहायचीस आणि मी पिस्तुलाच्या नळीवर, पुढच्या साईटच्या जरा मागे, एक नाणे आडवे ठेवून द्यायचो? ट्रिगर सुटल्यावर नाणे जागचे हलता कामा नये, एवढाच नियम होता. पहिल्या आठवड्यात फरशीवर नाणे पडल्याचा आवाज आतल्या खोलीपर्यंत यायचा आणि आई म्हणायची, “आज किती वेळा?” पुढे पुढे तो आवाज विरळ होत गेला. एका रात्री मी खोलीत वाचत बसलो होतो आणि बराच वेळ काहीच ऐकू आले नाही, तेव्हा तू झोपायला गेलीस असे समजून मी बाहेर आलो, तर तू तशीच उभी होतीस आणि नाणे नळीवरच होते. तुझ्या मनगटात त्या दिवशी जे बसले, त्यासाठी एकही गोळी खर्ची पडली नव्हती. आणि मी ते आवाजावरून मोजत होतो, कानांनी मोजत होतो.

कानांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. अण्णांना तू पाहतेसच. ते उजव्या खांद्याने रायफल चालवायचे, म्हणून नळीच्या तोंडाकडे असलेला त्यांचा डावा कान आधी गेला. त्या काळी कापसाचे बोळे घालून लोक समाधान मानत, त्यांनीही मानले. त्यांच्याही कानात संध्याकाळी शिट्टी वाजायची आणि सकाळी जायची. काही वर्षांनी ती जायची थांबली. लोक म्हणतात अण्णांना ऐकू येत नाही, पण तसे नाही. त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. बंदुकीच्या आवाजाने कानाचा जो भाग आधी मरतो, तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांचा असतो, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या वर्णांची ओळख याच भागात पटते. म्हणून ‘सात’ म्हटले की ते ‘हात’ ऐकतात आणि चौघांत बसले की नुसते हसत राहतात.

.२२ लहान असते म्हणून तिला कोणी मोजत नाही. तिच्या रायफलीच्या आवाजाचे टोक १४० डेसिबलच्या आसपास जाते. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून ते आणखी वर. कारखान्यांत अचानक होणाऱ्या स्फोटक आवाजासाठी १४० ही कमाल मर्यादा मानतात. बंदिस्त रेंजमध्ये तोच आवाज भिंती आणि छतावरून परत येतो. आणि तू ज्या हिशेबाने ‘मी तर साठच गोळ्या मारते’ म्हणालीस, तो हिशेबच मला पटत नाही, कारण कान तुझ्या एकटीच्या गोळ्या मोजत नाहीत. शेजारच्या लेनवर कोणी मोठ्या बोअरचे, म्हणजे रुंद नळीचे, पिस्तूल चालवत असेल, तर त्याची प्रत्येक गोळी तुझ्याही खात्यावर पडते, तू त्या वेळी खुर्चीवर बसून पाणी पीत असलीस तरी. म्हणून मला तुझ्या गोळ्यांपेक्षा तुझ्या दिवसांची काळजी वाटते. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शिट्टी थांबली म्हणजे कान भरून आला, असेही धरून चालू नकोस. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही आतले मज्जातंतूंचे जोड कायमचे तुटलेले आढळले आहेत.

हे सारे वाचून तू म्हणशील, बाबांचे व्याख्यान सुरू झाले. झालेच. त्याबद्दल रागावू नकोस. तू सज्ञान आहेस, पैसे तुझे आहेत, संध्याकाळ तुझी आहे, आणि तुझ्या वयात मला कोणी असे पत्र धाडले असते तर मीही ते अर्धवट वाचून ठेवून दिले असते.

कारोली टाकाचची गोष्ट तुला मीच सांगितली होती. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्या हंगेरियन नेमबाजाचा उजवा हात निकामी झाला, त्याने गुपचूप डावा हात तयार केला आणि १९४८ मध्ये लंडनला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला जलद पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. लहानपणी तू ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. परवा रात्री झोप येईना तेव्हा मला तीच आठवत होती, पण वेगळ्या अर्थाने. त्याच्याकडे शिकवण्याजोगा दुसरा हात होता. कानाच्या बाबतीत अशी काही सोय नाही, कारण दोन्ही कान एकाच वेळी, एकाच खोलीत असतात.

मला सुचते ते असे. .२२ साठी बंदिस्त रेंजवर आठवड्यातून एकच दिवस जा, फार तर दोन, आणि त्यांच्यामध्ये निदान दोन दिवसांचे अंतर ठेव. मोठ्या बोअरवाल्यांची वेळ कोणती ते तिथल्या प्रशिक्षकांना विचार आणि ती टाळ. मोकळी रेंज मिळत असेल तर लांब पडली तरी तीच बरी. त्या दिवशी साठ गोळ्या पुरेत, आणि प्रत्येक मालिकेनंतर वहीत गुणांशेजारी एक ओळ लिही की काय बिघडले. पुढच्या तीन-चार संध्याकाळी घरी वीस-वीस मिनिटे तेवढ्याच बिघाडावर काम कर. वीसच मिनिटे, तास नव्हे, कारण दहाएक सेकंदांपेक्षा नेम धरून राहिले की डोळा जुनेच चित्र पाहत राहतो, आणि थकल्यावर हे भान आधी सुटते. हवेच्या पिस्तुलासाठी एखादा दिवस रेंजवर गेलीस तर माझी काही हरकत नाही, त्याचा आवाज .२२ च्या मानाने फार सौम्य असतो. मात्र तीही लेन त्याच दालनात असेल, तर मग हरकत आहे. रेंजवर गेल्याने जी हिंमत येते, दिवे, आज्ञा, शेजारचे लोक यांची जी सवय होते, ती घरी होत नाही हे मी जाणतो. स्पर्धेआधीचे दोन-तीन आठवडे दिवस वाढव. वर्षभर त्या दालनात राहू नकोस.

शिशाचेही दोन शब्द. .२२ च्या प्रायमरमध्ये, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या मसाल्यात, शिसे असते आणि बंदिस्त जागेत त्याची धूळ हातावर, केसांत, शर्टावर बसते. रेंजवर काही खाऊ नकोस, निघताना हात-तोंड साबणाने धू, आणि ओजसला उचलण्याआधी कपडे बदल. लहान मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेच प्रमाण नाही. हे तू एकदा वाचलेस की पाळशील, याची मला खात्री आहे, कारण ओजसच्या बाबतीत तू कधी हयगय करत नाहीस. स्वतःच्या बाबतीत करतेस.

कानांवर बसणारे मफ तर तू लावतेसच, हे मला ठाऊक आहे. पण आत फोमचे प्लगही घाल, दोन्ही एकदम. प्लग बोटांत बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग खोल सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग काही कामाचा नाही. डब्यांवर लिहिलेल्या दोन आकड्यांची बेरीज करू नकोस. दोन्ही मिळून चांगल्या एकापेक्षा पाचएक डेसिबलच जास्त संरक्षण मिळते. १४० च्या पुढे मात्र तेही मोलाचे.

या महिन्यात कानांची तपासणी करून घे. ऑडिओग्रामचा कागद मला पाठव, दोन्ही कानांचा, ४००० आणि ६००० हर्ट्झच्या आकड्यांसकट. तपासणीच्या आधीचे दोन दिवस रेंजवर जाऊ नकोस, नाही तर आकडे खरे येणार नाहीत. तो कागद चांगला आला तर पाच दिवसांच्या तुझ्या बेताविषयी आपण पुन्हा बोलू. मी तेव्हाही दोनच म्हणेन, पण तुझे सारे ऐकून घेईन. आणि २५ मीटरचा पहिला गुणांचा कागदही पाठव, कितीही कमी असला तरी. आईने कपाटाच्या दारावर जागा सोडून ठेवली आहे.

तुझे,
बाबा

ता. क. : चष्म्याच्या काड्या मफच्या गादीखालून जातात, तिथे फट राहते आणि आवाज तिथूनच आत शिरतो. नवे मफ घेताना चष्मा चढवूनच ते लावून पाहा, आणि काड्या बारीक असलेला चष्मा रेंजसाठी वेगळा ठेव. डाव्या बाजूची काडी तू नेहमी वाकवून ठेवतेस, ती सरळ करून घे.